मोटरहोममधला फ्रिज सुखरूप कसा हलवावा

मोटरहोम किंवा कॅम्परव्हॅनमधला फ्रिज दुरुस्तीसाठी, विक्रीसाठी किंवा दुसऱ्या गाडीत बसवण्यासाठी काढून न्यायचा झाला, की मुंबईत पहिली चौकशी होते ती टेम्पोच्या भाड्याची. वास्तविक टेम्पो आणि रस्ता हा या कामातला त्यातल्या त्यात सोपा भाग आहे. फ्रिज बिघडतो तो बहुतेक वेळा दोन्ही टोकांना: गाडीच्या अरुंद दारातून तो ओढून काढताना, आणि मुक्कामी पोहोचल्यावर ‘लावून तर बघू’ म्हणून लगेच बटण दाबताना. म्हणून या लेखात मधल्या रस्त्यापेक्षा या दोन टोकांबद्दल अधिक लिहिले आहे. माझ्या व्हॅनचा फ्रिज हलवण्याच्या निमित्ताने जे शिकलो, ते नव्याने हे काम करणाऱ्यांना क्रमाने मिळावे, एवढाच हेतू आहे.

१. फ्रिज कोणत्या जातीचा आहे, ते आधी ओळखा

मोटरहोममध्ये दोन जातींचे फ्रिज असतात आणि दोघांचे पथ्य वेगळे आहे. आपल्याकडे तयार होणाऱ्या बहुतेक कॅम्परव्हॅनमध्ये १२ किंवा २४ व्होल्टवर चालणारा कॉम्प्रेसरचा फ्रिज बसवतात. परदेशातून आलेल्या गाड्यांत मात्र अॅब्सॉर्प्शन जातीचा फ्रिज असण्याची शक्यता मोठी असते, आणि त्यातला ‘थ्री-वे’ प्रकार एलपीजी, गाडीची बॅटरी आणि घरची वीज या तिन्हींवर चालतो.

ओळखण्याची सोपी पद्धत अशी की, गाडीच्या बाहेरच्या बाजूची फ्रिजमागची जाळी काढून आत पाहावे. काळा, नारळाएवढा बंद डबा आणि त्याच्या अंगाला चिकटलेली इलेक्ट्रॉनिक पेटी दिसली, तर तो कॉम्प्रेसर आहे. डबा कुठेच नाही, उलट जाड लोखंडी नळ्यांची वेटोळी, खाली बर्नर आणि त्याच्यावर चिमणीसारखी उभी नळी दिसली, तर तो अॅब्सॉर्प्शन आहे.

अॅब्सॉर्प्शन फ्रिजची मूळ कल्पना १९२२ साली स्टॉकहोममधील बाल्टझार फॉन प्लॅटन आणि कार्ल मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांची आहे, आणि त्याची रचना आजही मुळात तीच आहे. नळ्यांच्या बंद संचात अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन दाबाखाली भरलेले असतात, आणि लोखंड गंजू नये म्हणून त्यात सोडियम क्रोमेट घातलेले असते. या संचात फिरणारा एकही भाग नाही. खालच्या बॉयलरला उष्णता दिली की अमोनिया वर जातो, आणि पुढे सगळे द्रव केवळ स्वतःच्या वजनाने उतारावरून खाली परततात. तेव्हा फ्रिज आडवा किंवा कलता केला, तर द्रव नको त्या नळीत जाऊन बसतात. त्याच अवस्थेत चालू केला, तर बॉयलर कोरडा तापतो, क्रोमेटचे खडे धरतात आणि नळी कायमची तुंबते.

कॉम्प्रेसरच्या फ्रिजचे दुखणे निराळे आहे. काळ्या डब्याच्या तळाशी तेल असते आणि आतली मोटर स्प्रिंगांवर तोललेली असते. फ्रिज आडवा केला की तेल नळ्यांत शिरते, आणि खड्ड्यात जोरात आदळला तर मोटर स्प्रिंगांवरून निसटू शकते. ‘फ्रिज आडवा केला की गॅस उडतो’ असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. संच बंद असल्यामुळे नुसते आडवे केल्याने गॅस कुठेही जात नाही. तो उडतो नळीला चीर पडल्यावर, आणि चीर पडते ती फ्रिज नळीला धरून उचलल्यामुळे.

२. हाताशी काय असावे

कागदपत्रे थोडीच लागतात, परंतु ती ऐन वेळी शोधण्यात अर्धा दिवस जातो. फ्रिजची मूळ पावती किंवा जुना घेतला असल्यास विक्रेत्याची सही असलेली पावती, गाडीच्या आरसीची प्रत, आणि उत्पादकाची पुस्तिका एका फायलीत ठेवावी. फ्रिजच्या आतल्या भिंतीवर किंवा दाराच्या कडेला जी माहितीची पट्टी असते, तिचा मॉडेल, अनुक्रमांक, व्होल्टेज आणि गॅसचा दाब स्पष्ट दिसेल असा फोटो काढून ठेवावा. माल राज्याबाहेर जात असून त्याची किंमत ५०,००० रुपयांपेक्षा अधिक असेल, तर ई-वे बिलाचा (जीएसटीखाली मालवाहतुकीसाठी काढाव्या लागणाऱ्या ऑनलाइन परवान्याचा) प्रश्न येतो. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात ही मर्यादा १ लाख रुपयांची आहे. स्वतःच्या वापरातील जुन्या घरगुती सामानाला यातून सूट आहे, पण रस्त्यात अडवणाऱ्या माणसाला ते दाखवण्यासाठी मालाचे वर्णन, अंदाजे किंमत आणि ‘स्वतःच्या वापरातील जुनी वस्तू, विक्रीसाठी नाही’ असे लिहून सही केलेला कागद ड्रायव्हरजवळ द्यावा. विक्रीचा माल असेल तर अर्थातच असे लिहू नये.

साहित्यात स्क्रूड्रायव्हर, पाने, पाणसळ, मोजपट्टी, दोन-तीन जुन्या गोधड्या, जाड पुठ्ठा, कागदी चिकटपट्टी, ताडपत्री आणि किमान तीन रॅचेट पट्टे (खटक्याने आवळता येणारे जाड पट्टे) लागतील. रॅचेट पट्टे नागदेवी स्ट्रीटवर सहज मिळतात. नायलॉनची दोरी आणि सुतळी यांवर भागवू नये, कारण दोरी प्रवासात ढिली पडते आणि ती पुन्हा आवळण्यासाठी ड्रायव्हर थांबत नाही.

३. दाराचे माप घेतल्याशिवाय एकही स्क्रू काढू नका

फ्रिजची रुंदी, खोली आणि उंची मोजा. खोली मोजताना मागच्या नळ्याही धरा. नंतर गाडीच्या दाराची मोकळी रुंदी मोजा. बिजागरी, जाळीचे दार आणि पायरीचा हात यांनी अडवलेली जागा त्यातून वजा करावी लागते. काही गाड्यांत कारखान्यात आधी फ्रिज ठेवून मग भिंती उभ्या केलेल्या असतात, आणि असा फ्रिज दारातून बाहेर निघतच नाही. तो खिडकीची चौकट उतरवून काढावा लागतो. दोन-तीन सेंटिमीटरच कमी पडत असतील, तर फ्रिजचे दार बिजागरीतून काढल्यावर बहुधा काम होते.

दुसऱ्या टोकाचीही मोजणी आजच करा. फ्रिज सोसायटीत वरच्या मजल्यावर ठेवायचा असेल, तर लिफ्टमध्ये तो उभा मावतो का ते पाहा, आणि सामान चढवण्याच्या वेळांची परवानगी सेक्रेटरींकडून आधी घ्या. दुपारी टेम्पो गेटवर उभा आणि वॉचमन आत सोडत नाही, अशा वेळी माणसे फ्रिज फुटपाथवर उतरवून आडवा टाकतात.

४. गॅस आणि वीज तोडणे

निघण्याच्या आदल्या दिवशी फ्रिज बंद करून दारे उघडी ठेवा, बर्फ आपोआप वितळू द्या आणि आत कोरडे पुसून घ्या. सुरीने किंवा स्क्रूड्रायव्हरने बर्फ खरवडू नका, कारण बर्फामागचा पत्रा पातळ असतो.

थ्री-वे फ्रिज असेल तर सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करून रेग्युलेटर काढावा, आणि गॅसचा जोड अनुभवी गॅस फिटरकडूनच सोडवून घ्यावा. हा खर्च वाचवण्यासारखा नाही. जोड सोडवल्यावर गाडीतल्या उघड्या नळीच्या तोंडावर धातूची टोपी घट्ट बसवायला हवी. चिंधी कोंबणे किंवा टेप गुंडाळणे म्हणजे ती बंद करणे नव्हे. टोपी बसल्यावर गॅस सोडून जोडावर साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का ते पाहावे आणि सिलिंडर पुन्हा बंद करावे. काडी पेटवून पाहणारा फिटर दिसला तर त्याला तिथेच थांबवावे. फ्रिजच्या बाजूचे नळीचे तोंडही झाका, नाहीतर रस्त्यावरची धूळ बर्नरच्या जेटमध्ये जाऊन बसते. सिलिंडर फ्रिजबरोबर त्याच टेम्पोत पाठवू नये.

वीज तोडताना आधी २३० व्होल्टचा प्लग काढा, मग बॅटरीचा फ्यूज काढा आणि शेवटी तारा सोडवा. प्रत्येक तारेला चिकटपट्टीची चिठ्ठी लावा आणि फोटो काढा. लाल तार धन असेलच, असे जुन्या गाडीत गृहीत धरता येत नाही.

५. जागेवरून बाहेर काढणे

फ्रिज कपाटाला ज्या स्क्रूंनी धरलेला असतो, ते पटकन दिसत नाहीत. आतल्या बाजूच्या भिंतींवर वर-खाली नखाएवढ्या पांढऱ्या प्लास्टिकच्या टोप्या असतात. त्या पातळ पात्याने उचकटल्या की खाली स्क्रूचे डोके सापडते. मागच्या बाजूला तळाशी पट्ट्या असू शकतात, आणि चिमणीची नळी वेगळी सोडवावी लागते. सगळे स्क्रू निघाल्यावर फ्रिज दोन माणसांनी इंचाइंचाने पुढे सरकवावा. अडला तर जोर लावण्याऐवजी राहिलेला स्क्रू शोधावा. असा एखादा स्क्रू बहुतेक वेळा वरच्या कोपऱ्यात असतो.

पुढचा धोका खास आपल्याकडचा आहे. मुंबईतले हमाल जड वस्तू पाठीवर पट्टा टाकून एकट्याने नेण्यात तरबेज असतात, आणि घरातला फ्रिज ते असाच जिन्यावरून लीलया चढवतात. मोटरहोमचा फ्रिज मात्र असा नेला, तर तो जवळजवळ आडवा होतो आणि मागच्या नळ्यांचा संच हमालाच्या पाठीवर दाबला जातो. त्यांना कामाआधीच आदराने समजावून सांगा की, दोघांनी समोरासमोर, तळाला हात घालून, उभाच न्यायचा आहे. दोन माणसांची मजुरी आधीच ठरवा, म्हणजे दुसऱ्याची मजुरी वाचवण्यासाठी एकट्याने नेण्याचा प्रश्न येत नाही. मागच्या नळ्या, त्यांच्यावरची पातळ पत्र्यांची पाती आणि दाराचे हँडल यांना कुणीही हात घालू नये. दारातून काढताना थोडा कल द्यावाच लागला, तर तो ४५ अंशांच्या आत आणि क्षणभरच असावा.

बाहेर काढल्यावर उजेडात मागची बाजू नीट पाहा. बॉयलरजवळच्या वेल्डिंगवर किंवा नळीच्या वळणावर हळदीसारखी पिवळी पूड दिसली, किंवा नाकात झणझणणारा अमोनियाचा वास आला, तर संच गळतो आहे. पिवळी पूड म्हणजे क्रोमेट. ती विषारी आणि कर्करोगकारक आहे, तेव्हा तिला उघड्या हाताने पुसू नका. असा फ्रिज बंद टेम्पोत घालायचा नाही. वास तीव्र असेल तर सगळ्यांनी वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला, मोकळ्या जागेत दूर जावे, कुणी विडी पेटवू नये, आणि गरज पडल्यास अग्निशमन दलाला १०१ वर फोन करावा.

६. बांधणी

दाराचा प्रवासातला खटका लावा आणि वरून कागदी चिकटपट्टी मारा, कारण ब्राउन टेपचा डिंक दाराचा रंग ओढून काढतो. आतले कप्पे काढून वेगळे बांधा. मागच्या बाजूला पुठ्ठा लावायचा तो नळ्यांवर टेकवून नव्हे, तर फ्रिजच्या दोन्ही कडांवर ताणून, मध्ये पोकळी राहील असा. गोधडी सर्वांत बाहेर गुंडाळा. पावसाळ्यात हे काम शक्यतो टाळावे. टाळता येत नसेल तर बंद बॉडीचा टेम्पो घ्यावा, कारण ताडपत्री कितीही बांधली तरी गाडी धावू लागली की पाणी खालून येते, आणि कॉम्प्रेसरची इलेक्ट्रॉनिक पेटी तळाशीच असते.

७. टेम्पो आणि रस्ता

एका फ्रिजसाठी छोटा हत्ती (टाटा एस हा लहान टेम्पो) पुरतो. त्याचा हौदा साधारण सात फूट लांब आणि पाच फूट रुंद असतो आणि जमिनीपासून फार उंच नसतो, त्यामुळे चढवणे-उतरवणे सोपे जाते. ड्रायव्हर ‘मागे कोपऱ्यात ठेवू, उतरवायला बरे’ असे म्हणेल. ते ऐकू नका. हौद्याचा शेपटाकडचा भाग खड्ड्यात सर्वांत जास्त उडतो. फ्रिज केबिनच्या भिंतीलगत, खाली गोधडीची घडी घालून, उभा ठेवा. त्याची एक बाजू भिंतीला टेकवा, नळ्यांची पाठ मोकळी राहू द्या. एक पट्टा तळापासून एक तृतीयांश उंचीवर, दुसरा वरून एक तृतीयांश अंतरावर आवळा, आणि तिसरा दोन्ही कडेच्या कड्यांना तिरका बांधा. पत्रा दबेल इतका ताण देऊ नये. पूर्ण रिकामा टेम्पो भरलेल्यापेक्षा जास्त आदळतो, हे पाट्यांच्या स्प्रिंगा असलेल्या गाड्यांचे वैशिष्ट्य आहे. म्हणून बरोबर नेण्यासारखे इतर जड सामान असेल, तर ते त्याच फेरीत वेगळे बांधून घ्यावे.

मुंबईत मालवाहू गाड्यांवर रस्त्यांनुसार आणि वेळांनुसार बंधने असतात, आणि ती टेम्पो स्टँडवरच्या ड्रायव्हरला आपल्यापेक्षा चांगली ठाऊक असतात. आपण आग्रह धरावा तो पहाटे निघण्याचा. पहाटे रस्ता मोकळा असतो, तरी ड्रायव्हरला वेग कमी ठेवायला सांगा, विशेषतः उड्डाणपुलांच्या सांध्यांवर. शक्य झाले तर स्वतः केबिनमध्ये बसा आणि पहिल्या काही किलोमीटरनंतर थांबवून पट्टे तपासा. गोधडी दबते, त्यामुळे पहिला ताण हमखास ढिला पडतो.

८. पुणे, नाशिक किंवा त्याहून लांब पाठवायचा असेल तर

पैसे वाचवण्यासाठी भिवंडीहून पार्ट लोडने, म्हणजे इतरांच्या मालाबरोबर एकाच ट्रकमध्ये, पाठवण्याचा सल्ला मिळतो. पार्ट लोडमध्ये माल गोदामागणिक उतरतो आणि चढतो, आणि मधल्या हातांना तो उभा ठेवायचा आहे हे ठाऊक नसते. एका वाहतूकदाराने माझ्यादेखत ‘उभा ठेवा’ अशी चिठ्ठी लावलेला फ्रिज चिठ्ठी वर येईल असा आडवा निजवला होता. तेव्हा लांबच्या प्रवासासाठी एकतर पूर्ण गाडी करावी, किंवा तळाला दोन आडवे ओंडके असलेला लाकडी सांगाडा करून घ्यावा. सांगाड्याच्या चारही बाजूंना वरच्या दिशेचे बाण रंगवावेत, आणि माथा तिरका ठेवावा, म्हणजे त्यावर दुसरा माल रचता येत नाही. बिल्टीवर (वाहतूकदाराच्या पावतीवर) ‘उभेच न्यावे’ असे लिहून घ्या. तिच्यावर ‘ओनर्स रिस्क’चा, म्हणजे जोखीम मालकाची असल्याचा, शिक्का असेल तर नुकसानभरपाईची फारशी आशा धरू नका, आणि विमा वेगळा घ्या.

९. पोहोचल्यावर थांबा

या पायरीला काहीच करायचे नसते, आणि नेमकी तीच सर्वांत जास्त मोडली जाते. फ्रिज संपूर्ण प्रवासात उभा राहिला असेल, तरी तो पाणसळीत ठेवून काही तास स्वस्थ राहू द्यावा. वाटेत आडवा झाल्याचा संशय असेल, तर दोन्ही जातींसाठी पूर्ण २४ तास. पुस्तिकेत याहून जास्त वेळ सांगितला असेल, तर तो पाळावा.

या काळात आसपासचा एखादा मेकॅनिक ‘गॅस भरून देतो, अर्ध्या तासाचे काम’ म्हणून पुढे येईल. अॅब्सॉर्प्शन संच हा कारखान्यात भरून कायमचा बंद केलेला असतो. त्याला भोक पाडून गॅस भरता येत नाही, आणि पाडले तर अमोनिया, हायड्रोजन आणि क्रोमेट थेट तोंडावर येतात. कॉम्प्रेसरच्या फ्रिजमध्येही माहितीच्या पट्टीवर आर ६००ए हा गॅस लिहिलेला असताना आर १३४ए हा दुसरा गॅस भरू देऊ नये. आर ६००ए ज्वालाग्राही आहे, तेव्हा त्याच्या नळीवर ब्रेझिंगची (नळी जोडण्याची) ज्योत धरणाऱ्याला ते माहीत आहे का, हे आधी विचारा.

१०. पहिल्यांदा चालू करणे

प्रथम पट्टीवरचे व्होल्टेज वाचा. अमेरिकी गाडीतला फ्रिज १२० व्होल्टचा असतो. तो थेट आपल्या २३० व्होल्टवर लावला, तर हीटर साडेतीन पटींहून अधिक वीज ओढतो आणि जळतो. त्याला ट्रान्सफॉर्मर लागतोच. बारा व्होल्टच्या कॉम्प्रेसर फ्रिजला बॅटरीपासून थेट, जाड तार आणि पुस्तिकेत सांगितलेला फ्यूज द्या. बारीक तारेतून व्होल्टेज पडले की फ्रिज सुरू होऊन लगेच बंद पडतो, आणि दोष प्रवासाला दिला जातो.

अॅब्सॉर्प्शन फ्रिज जमिनीवरच, गाडीत बसवण्याआधी, हवेशीर जागी विजेवर चालवून पाहावा. गॅसची चाचणी फिटरने पुन्हा जोड दिल्यानंतरच करावी. पाणसळ आतल्या तळावर ठेवून बुडबुडा मध्ये आणा. अनेक उत्पादक आडव्या दिशेने सुमारे ३ आणि पुढे-मागे सुमारे ६ अंशांपलीकडचा कल चालवून घेत नाहीत. बॉयलरच्या बाजूला मंद खळखळ ऐकू आली तर घाबरू नका. काही तासांनंतरही बॉयलर कढत आणि वरची पाती थंडगार असतील, तर अभिसरण अडले आहे. तेव्हा लगेच बंद करा, आणखी एक दिवस उभा ठेवा आणि मगच दुसरा प्रयत्न करा.

गारव्याचा निकाल तासाभरात लावू नये. पाण्याच्या ग्लासात थर्मामीटर ठेवून तो ग्लास मधल्या कप्प्यात ठेवावा आणि आकडा दुसऱ्या दिवशी सकाळी, दार उघडताक्षणी वाचावा. त्याचबरोबर पट्टीवरचा हवामानाचा वर्गही पाहावा. ‘एन’ वर्गाचा फ्रिज ३२ अंश तापमानापर्यंत, ‘एसटी’ ३८ पर्यंत आणि ‘टी’ ४३ पर्यंत चालण्यासाठी बनवलेला असतो. ‘एन’ वर्गाच्या फ्रिजची चाचणी मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली घेतली, तर तो धडधाकट असूनही नापास होईल. ही चाचणी रात्री घ्या, आणि मागच्या जाळीसमोर हवा खेळती राहील अशी हातभर जागा सोडा.